वळताना स्टिअरिंग जड, काटा शून्यावर. वर्कशॉप म्हणतं ईसीयू बदला

भुईकमळ

नमस्कार मंडळी. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधलं कळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चर्चा त्या वादात जायला नको. आजवर गाडीने कधी त्रास दिला नाही. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र एक विचित्र प्रकार चालू आहे. सोसायटीच्या गेटातून आत वळताना किंवा पार्किंगमध्ये मागे-पुढे करताना स्टिअरिंग अचानक जड होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. त्याच क्षणी मीटरवर एबीएसचा (ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) आणि स्टिअरिंगचा दिवा लागतो, स्पीडचा काटा शून्यावर येतो. इंजिन बंद पडत नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं जागच्या जागी. हायवेला हे कधीच झालेलं नाही.

वर्कशॉपमध्ये स्कॅन केलं. कागदावर दोन कोड आलेत, यू०१२१ आणि यू०१३१. सर्विस अॅडव्हायजर म्हणाला, "मॅडम, कम्युनिकेशन तुटतंय, ईसीयू गेला. नवीन टाकावा लागेल." ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटर. कोटेशन पन्नास हजारांच्या जवळपास आहे, प्रोग्रामिंगचे वेगळे. घरात आता गाडी विकण्याचीच भाषा सुरू झाली आहे. माझा साधा प्रश्न: ईसीयू गेला असेल तर इंजिन इतकं व्यवस्थित कसं चालतं?

घाटमाथा

ताई, बॅटरीची निगेटिव्ह केबल अर्धा तास काढून ठेवा आणि परत लावा. सगळं रिसेट होतं. माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा असाच गेला होता.

चाकणवाट

घाटमाथा, कृपया हा सल्ला इतक्यात नको. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत साठवलेले कोड जातात, त्यांच्यासोबतचा फ्रीज फ्रेमही जातो. फ्रीज फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिनचा वेग किती होता, तापमान किती, व्होल्टेज किती याची ईसीयूने करून ठेवलेली नोंद. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात हाताशी असलेला तोच एक पुरावा असतो. शिवाय ईसीयूने इंधनाचं प्रमाण आणि आयडलिंग यांचं जे शिकून ठेवलेलं असतं तेही पुसलं जातं, मग काही दिवस गाडी वेगळीच वागते आणि खऱ्या बिघाडावर दुसरा बिघाड चढल्यासारखं वाटतं. आधी सगळे कोड लिहून घ्या, फोटो काढा, मगच काय ते पुसा.

भुईकमळ, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मी चाकणला कंट्रोल युनिटच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोडचं पहिलं अक्षर कुठला विभाग ते सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसिस, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे युनिटांचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या कंप्युटरांचं, आपसातलं बोलणं. यू०१२१ चा अर्थ "एबीएसच्या युनिटशी संपर्क तुटला". यू०१३१ चा अर्थ "पॉवर स्टिअरिंगच्या युनिटशी संपर्क तुटला". आता हे कोड कोणी नोंदवलेत ते बघा. इंजिनच्या ईसीयूने. म्हणजे ईसीयू जागा होता, कॅनच्या तारांवर (युनिटं ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या) कान देऊन होता आणि दोन जण बोलायचे थांबल्याची तक्रार त्याने लिहून ठेवली. तक्रार करणाऱ्यालाच आरोपी केलंय वर्कशॉपने. स्पीडचा काटा पडतो कारण बऱ्याच गाड्यांत वेगाचा आकडा एबीएसकडून येतो. स्टिअरिंग जड होतं कारण त्याचं युनिट बंद पडून परत चालू होतं. इंजिनला काही होत नाही, कारण ईसीयूला काहीच झालेलं नाही.

एकाच वेळी दोन युनिटं गप्प होत असतील तर दोघांत सामाईक काय, ते शोधायचं. एक तर कॅनच्या तारा, किंवा सप्लाय, किंवा अर्थिंग. मला तीन गोष्टी सांगा. हे होताना एसी आणि हेडलाइट चालू असतात का? दिवे मंद होतात का? आणि अलीकडे गाडीचं काही काम केलंय का, अगदी बॅटरी बदलण्यापासून सीटकव्हरपर्यंत काहीही?

टेस्टलॅम्प

चाकणवाट साहेबांशी सहमत. मी मिरजेत ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. ताई, ईसीयूला हात लावू देऊ नका. जागेवर वळताना ईपीएसची, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची, मोटर भरपूर करंट ओढते, तीस-चाळीस अँपिअर सहज, कधी त्याहून जास्त. हायवेला स्टिअरिंग जेमतेम हलतं म्हणून तिथं काही होत नाही. अर्थिंग ढिली असणार असा माझा अंदाज आहे. वरचे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत, उत्तर द्या.

भुईकमळ

एसी नेहमीच चालू असतो. पावसामुळे हेडलाइट आणि वायपरही. दिव्यांचं तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं: समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड वळताना मंद होतो, हे मुलाने पाहिलंय. आणि काम म्हणाल तर एप्रिलमध्ये डावीकडचा फेंडर आणि बंपर डेंटिंग-पेंटिंगला दिला होता. एका टेम्पोने मागे येताना ठोकलं होतं. पण त्याचा याच्याशी काय संबंध?

टेस्टलॅम्प

संबंध तिथंच आहे ताई.

बॅटरीच्या निगेटिव्हमधून साधारण दोन जाड केबल निघतात. एक इंजिन किंवा गिअरबॉक्सवर जाते, दुसरी बॉडीवर. बॉडीवरची बहुतेक वेळा बॅटरीच्या ट्रेजवळ, आतल्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. एबीएस, ईपीएस, हेडलाइट, मीटर या सगळ्यांचा करंट पत्र्यातून त्याच बोल्टवर येऊन बॅटरीत परत जातो. डेंटिंगवाल्याने तो बोल्ट काढला, आत प्रायमर आणि रंग मारला, आणि वाळल्यावर थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच ठेवून आवळलं, असं मी वारंवार बघतो. रंग करंट सोडत नाही. मग बोल्टच्या आट्यांतून जेवढा जाईल तेवढाच जातो. चार महिने चालतं, पावसाचं पाणी लागलं की आटे गंजतात आणि हे असले खेळ सुरू होतात.

तपासायला स्कॅनर लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. डीसी व्होल्टवर ठेवा, वीसच्या रेंजला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, म्हणजे शिशाच्या खांबावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन बॉडीच्या पत्र्यावर, जिथं रंग नाही अशा एखाद्या बोल्टवर दाबून धरा. इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आकडा बघा. मग कुणाला तरी जागेवरच स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगा आणि परत आकडा बघा. फॅनच्या पट्ट्यापासून हात, ओढणी, बांगड्या लांब.

ओहमवर ठेवून तार मोजत बसू नका. जाड केबलच्या तीस धाग्यांतला एक जरी धड असला तरी मीटर शून्य ओहम दाखवतो आणि माणूस फसतो. करंट वाहत असताना किती व्होल्ट वाटेत हरवतात, तेच खरं माप. सगळा लोड देऊनसुद्धा ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की वाटेत कुठंतरी अडतंय.

चाकणवाट

उत्तम लिहिलंत. एकच भर घालतो. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमधलंही व्होल्टेज बघा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ असावं. ते ठीक आणि बॉडीवरचं माप खराब, म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी सुटले, अर्थिंग सापडलं. आणि वर्कशॉपने स्टिअरिंगच्या युनिटमध्ये जाऊन वेगळे कोड वाचलेत का ते विचारा. तिथे "सप्लाय व्होल्टेज कमी" अशा अर्थाचा सी-कोड बहुधा पडलेला असेल. पुष्कळदा घाईत फक्त इंजिनचा ईसीयू वाचला जातो आणि बाकीच्या युनिटांना कोणी विचारतच नाही.

भुईकमळ

आज भाचा मल्टिमीटर घेऊन आला होता. तुम्ही सांगितलं तसं केलं.

बॅटरीवर १४.१. बॉडीवर, एसी आणि हेडलाइट चालू असताना, ०.७. मी स्टिअरिंग वळवल्याबरोबर आकडा ३ च्या वर गेला आणि तेव्हाच मीटरवर दिवे लागले! भाचा ओरडलाच.

मग बॅटरीचा ट्रे काढला. बोल्ट दिसला तो फेंडरच्याच रंगाचा. थिंबलखाली चांदीसारखा चमकता रंगाचा थर आणि कडेने तांबूस गंज. बॅटरी सोडवून बोल्ट काढला, पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासून स्वच्छ पत्रा काढला, थिंबलही दोन्ही बाजूंनी घासलं, घट्ट आवळलं, वरून व्हॅसलीन लावलं. आता सगळा लोड देऊन ०.०८. स्टिअरिंग वळवताना ०.१५. संध्याकाळी पावसात मुद्दाम गेटातून आत-बाहेर केलं, एकही दिवा नाही, स्पीडचा काटाही पडला नाही.

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. वर्कशॉपला फोन करून कोटेशन रद्द करायला सांगितलं आहे.

टेस्टलॅम्प

झकास. भाच्याला शाबासकी. बोल्टखाली व्हॅसलीन लावलं नाहीत, वरून लावलंत, तेच बरोबर. महिन्याभराने एकदा माप परत घ्या. डेंटिंगवाल्यालाही जाऊन शांतपणे सांगा, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाचं तरी वाचेल.

देवरुखी

वाचनखूण साठवली. आमच्याकडे कोकणात वेगळीच तऱ्हा. गाडी आंब्याखाली उभी असते. पानं आणि मोहोर काचेच्या खालच्या जाळीत जाऊन कुजतात, पाणी जायच्या भोकांत चिखल बसतो. मग पाऊस पडला की पाणी साचून केबिनमध्ये डॅशखाली झिरपतं, आणि बऱ्याच गाड्यांत फ्यूजबॉक्स आणि बॉडीचं युनिट नेमकं तिथंच. माझ्या गाडीचे वायपर आपोआप चालायचे, सेंट्रल लॉक रात्री खटखट करायचं. कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढला तर पिनांवर हिरवा थर. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून बसवला. मे महिन्यात जाळीखालची पानं हाताने काढायची, हा आता घरचा नियम आहे.

पण चाकणवाट, एक विचारायचं होतं. प्रत्येक वेळी तारच दोषी आणि ईसीयू निर्दोष, असं तर नसेल? ईसीयू खरंच कधी जातो? आणि सॉफ्टवेअर बिघडतं म्हणतात ते काय?

चाकणवाट

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर लोकांना नीट माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण पैसे इथेच जातात.

सॉफ्टवेअर झिजत नाही. सहा वर्षं नीट चाललेल्या गाडीत, मध्ये कोणी अपडेट केलेलं नसताना, एका सकाळी सॉफ्टवेअर आपणहून बिघडलं असं कोणी सांगितलं तर जरा थांबा. बदललंय ते बाहेरचं काहीतरी असतं: गंजलेला कपलर, मंदावलेला सेन्सर, दुबळी बॅटरी. सॉफ्टवेअरमधली चूक पहिल्या दिवसापासून आत असते, एखादी विशिष्ट परिस्थिती आली की दिसते, आणि त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत असते. म्हणून ती एका वर्कशॉपात सापडत नाही, रिकॉलने सुटते. टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या. हायब्रिड यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमुळे काही परिस्थितीत आतल्या ट्रान्झिस्टरांवर जास्त ताण येऊन ते तापत होते, गाडी कमी ताकदीवर जायची किंवा थांबायची. इलाज होता नवं सॉफ्टवेअर.

ईसीयूचं हार्डवेअर जाण्याचंही मोठं उदाहरण टोयोटाचंच आहे. २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडात २००५ ते २००८ च्या सुमारे ११ लाख कोरोला आणि मॅट्रिक्स परत बोलावल्या, कारण इंजिनच्या ईसीयूमधल्या सोल्डरच्या जोडांना तडे जाण्याची शक्यता होती आणि गाडी चालता चालता बंद पडू शकत होती. आपल्याकडे मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये १७,३६२ गाड्या एअरबॅगचं कंट्रोलर तपासायला बोलावल्या. म्हणून मोठा खर्च करण्याआधी कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकून रिकॉल आहे का ते बघाच. रिकॉलचं काम फुकट होतं.

एकट्यादुकट्या गाडीत ईसीयू मरतो तो बहुधा या कारणांनी: आत पाणी, जंप स्टार्ट करताना उलट लावलेल्या केबल, बॅटरी न सोडवता केलेलं वेल्डिंग, आणि शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर. या शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या. कॉइल शॉर्ट झाली की तिला चालवणारा ईसीयूमधला ट्रान्झिस्टर जळतो. कॉइल तशीच ठेवून नवा ईसीयू लावला तर तोही जळतो, आणि मग लोक म्हणतात ईसीयू डुप्लिकेट निघाला.

कोड बघायचे तर पी०६०१ म्हणजे ईसीयूच्या मेमरीची बेरीज जुळत नाही, पी०६०६ म्हणजे प्रोसेसरने स्वतःची तपासणी केली आणि ती फसली. हे दोन कोड दिसले तर संशय ईसीयूवर घ्यायला जागा आहे. तरीही आधी त्याच्या कपलरवर सप्लाय आणि अर्थ लोड देऊन मोजायचे, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं तर धडधाकट युनिटही असे कोड टाकू शकतं. सेल्फ फिरताना बॅटरी ९.६ च्या खाली जाता कामा नये.

आणि एक फसवी गोष्ट. पाच-सहा सेन्सरांचे कोड एकदम पडले की "ईसीयू वेडा झाला" म्हणतात. ईसीयू अनेक सेन्सरांना एकाच तारेवरून ५ व्होल्ट देतो. त्यातला एक सेन्सर आत शॉर्ट झाला की तो ती ५ व्होल्टची तार खाली ओढतो आणि बाकीचे सगळे खोटे आकडे देऊ लागतात. पी०६४१ (५ व्होल्टच्या तारेत बिघाड) सोबत असेल तर बहुधा हेच. अशा वेळी ५ व्होल्टवर मीटर लावून एकेका सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो चोर.

घाटमाथा

धन्यवाद, माझा वरचा सल्ला मागे घेतो. ऑनलाइन हजार-बाराशेला कोड वाचणारा ब्लूटूथ डोंगल मिळतो, तो घेऊन ठेवावा का? त्याने एबीएसचे कोड दिसतील?

चाकणवाट

घ्या, पण मर्यादा ओळखून. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे, म्हणजे डॅशखाली सोळा पिनांचा सॉकेट आणि प्रदूषणाशी संबंधित माहिती प्रमाणित भाषेत. डोंगल तेवढं वाचतो: इंजिनचे कोड, फ्रीज फ्रेम, तापमान, फ्यूएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा). एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग हे कंपनीच्या खासगी भाषेत बोलतात, ते साध्या अॅपला बहुतेक वेळा कळत नाहीत. वापरून झाला की काढून ठेवा. लावलेला राहिला तर काही गाड्यांची युनिटं झोपत नाहीत आणि आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

सीएनजी किट बाहेरून बसवलेल्यांनी मात्र जरूर घ्या. पेट्रोल आणि गॅसवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम वेगवेगळी बघा. दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या आत असेल तर ट्यूनिंग ठीक. गॅसवर भरपूर वर किंवा खाली असेल तर किटवाल्याकडे जा. पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी) दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, आधी फाटलेला व्हॅक्युम पाइप आणि ट्यूनिंग बघा.

भुईकमळ

माझ्याच धाग्यावर एवढं शिकायला मिळतंय. एक शंका: वर्कशॉपने "सॉफ्टवेअर अपडेट पण करून टाकू" असं सुचवलं होतं. ते करून घ्यावं का?

चाकणवाट

त्या अपडेटमध्ये काय सुधारलंय ते विचारा. तुमच्या तक्रारीशी संबंधित तांत्रिक बुलेटिन असेल तर करा. नुसतं "नवं आलंय म्हणून" असेल तर गरज नाही. करायचंच झालं तर फ्लॅशिंगच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर ईसीयूत लिहिण्याच्या, वेळी गाडीला स्थिर पॉवर सप्लाय लावलाय ना, ते स्वतः बघा. नुसत्या बॅटरीवर, इग्निशन चालू ठेवून, फॅन मध्येच सुरू झाला आणि व्होल्टेज घसरलं की लिहिणं अर्धवट राहतं. काही ईसीयू त्यातून परत उठतात, काही बेंचवर उघडून वाचवावे लागतात.

टेस्टलॅम्प

भंगारातून जुना ईसीयू आणून लावणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हा प्रश्न दुकानात रोज येतो. नंबर जुळला म्हणजे काम झालं असं नाही. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असतो, तो ईसीयू तुमच्या किल्लीला ओळखत नाही, गाडी सेल्फ मारते पण चालू होत नाही. तुमच्या मूळ ईसीयूतली मेमरी त्यात उतरवावी लागते, आणि मूळ पूर्ण मेला असेल तर तेही अवघड. पावती असल्याशिवाय घेऊ नका, चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

आमची खरी अडचण वेगळी आहे. नव्या गाड्यांत कंपनीचा स्कॅनर आणि पासवर्ड नसेल तर साधं ब्रेकचं बूस्टर बदलून कॅलिब्रेट करता येत नाही. काम येतं, हात येतो, पण दार बंद.

चार्ल्सकाठ

टेस्टलॅम्प दादा, मी बोस्टनजवळ राहतो. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये यावरच लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून कायदा करवून घेतला: कंपनी आपल्या डीलरला जी दुरुस्तीची माहिती आणि साधनं देते तीच बाहेरच्या गॅरेजलाही, वाजवी किमतीत. २०२० मध्ये परत मतदान झालं, गाडीतून वायरलेस जाणाऱ्या माहितीसाठी. त्यावर कंपन्या कोर्टात गेल्या. माझी गाडी मी कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेतो, त्याच्याकडे कंपनीचं सॉफ्टवेअर दिवसाच्या भाड्याने घेतलेलं असतं.

चाकणवाट

आपल्याकडेही हा मुद्दा आलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, सुटे भाग आणि डायग्नोस्टिक साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुली करत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मला विचाराल तर टेस्टलॅम्पसारख्या माणसाला साधनं मिळालीच पाहिजेत. या धाग्यातला बिघाड कंपनीच्या स्कॅनरवाल्याला सापडला नाही, मिरजेहून सुचवलेल्या मल्टिमीटरला सापडला.

गोदाकाठ

नाशिकहून. उशिरा आलोय, पण मदत हवी आहे. उंदरांनी बॉनेटखालची वायरिंग कुरतडली होती, ती एकाने जोडून दिली. आता कधी मीटर पूर्ण मरतो, कधी गाडी चालू होत नाही, कोड सगळे यू-वाले, यू०१०० सकट. या धाग्यातली अर्थिंगची टेस्ट केली, ०.१ आहे. बॅटरी नवीन. पुढे काय?

चाकणवाट

यू०१०० म्हणजे यावेळी इंजिनच्या ईसीयूचाच आवाज बाकीच्यांना येत नाही. आता कॅनच्या तारा बघू.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. मीटर ओहमवर. ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजा. पिनांत जाड काही खुपसू नका, तोंड रुंदावतं आणि नवा बिघाड होतो. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून दोन्ही मिळून ६० आले पाहिजेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. ४० आले तर कोणीतरी बाहेरचं उपकरण मध्ये जोडलंय. गेटवे (सॉकेट आणि बाकीची युनिटं यांच्यामधलं युनिट) असलेल्या गाडीत हे माप फक्त सॉकेट ते गेटवे एवढ्याच भागाचं असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

गोदाकाठ

मोजलं. ११९.

टेस्टलॅम्प

म्हणजे तार तुटलेलीच आहे, उंदरानंतर जोडताना. जोड कसा दिलाय? पिळून टेप मारलाय का? कॅनच्या दोन तारा एकमेकींभोवती वेटोळे घेतलेल्या असतात, जोडल्यावरही तसंच वेटोळं ठेवायचं, सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

चाकणवाट

आता कुठलं टोक तुटलंय ते काढू. बॅटरी काढलेलीच ठेवा. इंजिनच्या ईसीयूचा कपलर काढा आणि ६-१४ वर परत मोजा. तुमच्या गाडीत एक रेझिस्टर ईसीयूत असेल, बहुतेक गाड्यांत असतो, तर दोन शक्यता. कपलर काढल्यावर आकडा तसाच ११९ राहिला, तर ईसीयू आधीपासूनच तारेवर नव्हता: तुटलेली जागा सॉकेट आणि ईसीयूच्या मध्ये, म्हणजे बॉनेटखालच्या जोडांत. यू०१०० वरून मला हेच वाटतंय. आकडा जाऊन मीटर ओपन दाखवू लागला, तर ईसीयूची बाजू धड आहे आणि दुसरं टोक तुटलंय, ते बहुधा मीटरच्या किंवा बॉडी युनिटच्या मागे.

कपलर सोडताना लॉकची पट्टी पूर्ण ओढा, ताकद लावू नका. पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना अजिबात हात नको. आकडा काय येतो ते इथेच टाका, सोबत ईसीयूकडच्या जोडांचा फोटो.